अठरा पूर्ण झाल्यावर सही कुणाची?

सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहिलेलं असतं. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या वतीने व्यवहार पाहणारी व्यक्ती. मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली की त्या तीन अक्षरांचा जोर संपतो. मुलगा बौद्धिक अक्षमतेमुळे व्यवहार समजू शकत नसला, तरी कायद्याच्या नजरेत तो सज्ञान होतो आणि त्याच्या वतीने सही करायचा आईवडिलांचा अधिकार जातो.

ही कोंडी फार जुनी. १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान मुलांपुरताच. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रौढांसाठी पालक (त्यांच्या वतीने कायदेशीर निर्णय घेणारी व्यक्ती) नेमायची सोय होती, पण 'मनोरुग्ण' या व्याख्येतून मतिमंदत्व (तेव्हाचा शब्द) वगळलेलं होतं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलं. पालकत्वाबद्दल त्यात काहीच नाही. मग उरायची उच्च न्यायालयातली रिट याचिका. तालुक्याच्या गावातलं कुटुंब मुलाच्या ठेवीसाठी तिथवर कसं जाणार? "आमच्यामागे याचं कसं?" हा प्रश्न पालकांच्या संघटनांनी लावून धरला आणि १९९९ च्या अखेरीस राष्ट्रीय न्यास कायदा झाला.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारच अवस्था त्यात येतात. पालक नेमते जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. वकील लावायची गरज नाही, हा या कायद्याचा खरा उपकार.

अर्ज अडतो तो कागदांवर. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या जुन्या दाखल्यावर नुसतं 'अस्थिव्यंग' लिहिलेलं असेल, तर तो या चारांत बसत नाही. आधी दाखला दुरुस्त करून घ्यावा. आईवडील दोघे असतील तर अर्ज दोघांचा लागतो. एकट्याने करायचा तर मृत्यू, घटस्फोट किंवा सोडून जाणं असं कारण दाखवावं लागतं. पुढे भावाला पालक करायचं ठरवलंत आणि त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं, तर तो बाद. पालक भारतीय नागरिकच हवा.

नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही, आणि ते सांगायलाच हवं. समितीचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये कळवलं. शाखेत अडवलं तर त्याच परिपत्रकाचा हवाला द्यावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'मर्यादित पालकत्व' आणलं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि पाल्याशी विचारविनिमय करून. राष्ट्रीय न्यास कायद्यातही पालक हवा का आणि कशासाठी हवा, हे समितीने तपासायचंच असतं. म्हणून अर्जात 'सर्व बाबींसाठी' असं मोघम न लिहिता कुटुंब निवृत्तिवेतन, बँक खातं, शस्त्रक्रियेची संमती अशी नेमकी कामं लिहावीत.