सर्व्हर नवे झाले, पण क्लस्टरची लेव्हल वाढवली का?

विंडोज सर्व्हर 2016 चा विस्तारित सपोर्ट 12 जानेवारी 2027 रोजी संपतो. त्यामुळे महापे, रबाळे, वागळे इस्टेटमधल्या आमच्या ग्राहकांकडे सध्या अपग्रेडचीच धावपळ आहे.

काम साधारण असं चालतं: क्लस्टरमधल्या, म्हणजे एकमेकांचं काम सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या गटातल्या, एका सर्व्हरवरचा भार दुसऱ्यावर सरकवायचा, तो सर्व्हर बाहेर काढून त्यावर नवी विंडोज टाकायची आणि परत क्लस्टरमध्ये घ्यायचा. मग पुढचा. ऑफिस चालूच राहतं. शेवटचा सर्व्हर परत आला की काम झालं असं वाटतं, आणि नेमकी एक पायरी राहून जाते.

रबाळ्याच्या एका कारखान्यात आम्हाला विंडोज सर्व्हर 2019 वरून 2022 वर जाण्यासाठी बोलावलं होतं. पॉवरशेलमध्ये (विंडोजला कमांड देण्याच्या खिडकीत) क्लस्टरची फंक्शनल लेव्हल, म्हणजे अख्खा गट विंडोजच्या कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी चालतो ते सांगणारा आकडा, पाहिली, तर स्क्रीनवर 9. म्हणजे 2016 चीच! दोन्ही सर्व्हरवर 2019 येऊन सात महिने झाले होते, पण हा आकडा आपोआप वाढत नाही; तो आपण वाढवावा लागतो. अशा अधल्यामधल्या अवस्थेत क्लस्टर चार आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. शिवाय अशा एकेक सर्व्हर बदलत जाण्याच्या रोलिंग अपग्रेडमध्ये 2016 वरून थेट 2022 वर उडी मारता येत नाही. मध्ये 2019 चा मुक्काम लागतोच.

पण घाईही नको. लेव्हल वाढवायची कमांड दिली की विंडोज स्वतःच बजावते, हे मागे घेता येणार नाही. त्यानंतर जुन्या विंडोजचा सर्व्हर त्या क्लस्टरमध्ये परत येऊ शकत नाही. म्हणून आम्ही शेवटचा सर्व्हर बदलल्यावर आठवडाभर थांबतो. बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणून पाहतो, टॅली आणि ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) दोन्ही सर्व्हरवर चालवून बघतो, मगच कमांड देतो. ती चालताना काहीही बंद करावं लागत नाही.

व्हर्च्युअल मशीनचं (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेल्या संगणकाचं) व्हर्जन मात्र वेगळं वाढवावं लागतं, 2019 साठी 8.0 वरून 9.0, आणि त्यासाठी ते मशीन बंद करावं लागतं. हे कामही परत फिरवता येत नाही. तुमच्या दुसऱ्या शाखेत 2016 चा सर्व्हर अडीअडचणीला ठेवलेला असेल, तर त्यावर ते मशीन मग चालणार नाही. असा सर्व्हर असल्यास आम्हाला आधीच सांगा, आणि अकाउंट्सच्या मंडळींना विचारून महिनाअखेर टाळून एखादी संध्याकाळ ठरवा.