दोन मीटर उंच माणसाची नडगी

अंधारात पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्याचं कारण साधं आहे. पायाच्या या भागात हाडावर मांसाची गादीच नसते, कातडीखाली थेट हाड. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बोट फिरवलं तर त्याची धार हाताला लागते. शाळेच्या पुस्तकात या हाडाचं नाव अंतर्जंघिका. फेब्रुवारी २०२० मध्ये सराव करताना जून मार फहार्दोच्या उजव्या पायातलं हेच हाड मोडलं, आणि फिलिपिन्समधल्या बास्केटबॉलप्रेमींच्या पोटात गोळा आला.

हा फहार्दो कोण, ते आधी सांगायला हवं. त्याच्या आडनावातल्या ‘ज’ चा उच्चार स्पॅनिश वळणाने ‘ह’ होतो. जन्म १९८९ चा, सेबू बेटावरचा. उंची ६ फूट १० इंच, म्हणजे सुमारे २०८ सेंटिमीटर. वजन १२० किलोच्या आसपास. फिलिपिन्समधले बहुतेक मोठे खेळाडू मनिलाच्या विद्यापीठांतून पुढे येतात. हा सेबू विद्यापीठातून आला. २०१२ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा पहिली निवड त्याचीच झाली, आणि पुढे ‘सॅन मिगेल बिअरमेन’ हेच त्याचं घर झालं. तिथली पीबीए ही लीग १९७५ पासूनची, आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्यात वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब चार-चार वेळा मिळवणारे दोघेच होते, रॅमन फर्नांडेझ आणि ॲल्विन पॅट्रिमोनिओ. फहार्दोने २०१४ ते २०१९ या काळात तो ओळीने सहा वेळा मिळवला. चाहते त्याला ‘क्राकेन’ म्हणतात, समुद्रकथांमधल्या त्या महाकाय प्राण्यावरून.

एवढ्या अवाढव्य देहाचा भार त्याच्या नडग्या पेलतात. आता थोडं गणित करू. फिलिपिन्समधल्या सर्वसाधारण पुरुषाची उंची सुमारे १६३ सेंटिमीटर असते. त्याचं वजन ६० किलो धरू आणि त्याला आहे त्याच घडणीत फहार्दोएवढा वाढवू. उंची वाढली जेमतेम २८ टक्के. हाडाच्या काप-छेदाचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ते १.६ पट झालं. पण वजन घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ते दुपटीच्याही थोडं वर, साधारण १२५ किलो. भार दुप्पट आणि तो पेलणाऱ्या खांबाचा काप-छेद दीडपटीहून थोडा मोठा. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २८ टक्के जास्त ताण आला. हत्तीचे पाय हरणाच्या पायांसारखे सडपातळ का नसतात, याचं उत्तर गॅलिलिओने १६३८ मध्ये याच हिशेबाने दिलं होतं. बास्केटबॉलमधल्या उंच खेळाडूंच्या पायांच्या दुखण्यांबद्दल वाचताना मला हा हिशेब नेहमी आठवतो.

आणि हा झाला नुसता उभ्या माणसाचा हिशेब. उडी मारून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. पाचपट धरला तरी फहार्दोच्या बाबतीत तो सहाशे किलो होतो. त्यात पोटरीच्या स्नायूंची भर. टाचेमागची जाड शीर ताणून ते घोटा सावरतात, तेव्हा नडगीला वरून-खालून आणखी दाबतात.

गंमत अशी, की असा सरळ दाब हाडाला बऱ्यापैकी झेपतो. हाड म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंच्या जाळ्यात बसवलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. स्फटिक दाब सोसतात, तंतू ताण सोसतात. त्याला सगळ्यात कमी सोसतो तो पीळ. फळ्यावरचा खडू दोन्ही टोकांना धरून दाबा, तो सहजी मोडत नाही. मात्र पिळला की कट्‌कन तुटतो, आणि तुटलेलं टोक तिरकं, मळसूत्रासारखं वळलेलं दिसतं. बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या सेंटरचं काम नेमकं पिळाचंच आहे. पाठीवर प्रतिस्पर्ध्याला रेटून धरायचं, नियमाप्रमाणे एक पाऊल जमिनीवर रोवून ठेवायचं आणि त्याच पावलावर अख्खं शरीर गर्रकन फिरवायचं. फहार्दो या कलेचा उस्ताद आहे. तो फार उंच उड्या मारणारा खेळाडू नाही. जागा आधी पकडायची, पाय जुळवायचे, मग शांतपणे वळायचं, हे त्याचं तंत्र.

मग असे पाय रोजच का मोडत नाहीत? कारण हाड जिवंत आहे. रोजच्या माराने त्यात सूक्ष्म तडे जातात. हाडाच्या आत गाडलेल्या अस्थिपेशींना ते कळतं. त्यांच्या निरोपावरून एक टोळी येऊन खराब भाग पोखरून काढते आणि मागून येणाऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. जिथे भार जास्त तिथे हाड दाट होतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच सांगितलं होतं. टेनिसपटूच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं ते यामुळेच.

पण या डागडुजीत एक अडचण आहे. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला काही महिने लागतात. रस्ता उकरून ठेवलाय आणि डांबर अजून यायचंय, अशा अवस्थेत हाड आधीपेक्षा कमजोर असतं. तेवढ्यात सामने, सराव, पुन्हा सामने असा रेटा चालू राहिला तर तडे भरण्याच्या वेगापेक्षा पडण्याचा वेग वाढतो. वर्षाचे बारा महिने खेळणाऱ्या कुठल्याही खेळाडूला हा धोका आहे.

फहार्दोवर शस्त्रक्रिया झाली. नडगीचा मधला भाग असा मोडला की बहुधा हाडाच्या पोकळीत धातूची लांब सळई घालून तुकडे एका रेषेत धरतात. सळई फक्त आधार देते, जोडण्याचं काम शरीरालाच करावं लागतं. आधी मोडल्या जागी रक्ताची गाठ धरते. त्यात कूर्चेचा मऊ गठ्ठा तयार होतो, ज्याला डॉक्टर कॅलस म्हणतात. काही आठवड्यांत त्यात खनिजं बसून तो टणक होतो. नडगीच्या बाबतीत हे सावकाश चालतं, कारण मांसाचं आवरण कमी म्हणजे भोवतालून होणारा रक्तपुरवठाही कमी. चार ते सहा महिने लागणं नेहमीचंच. शिवाय पाय नुसता पडून राहिला तर हाडातली खनिजं उलट कमी होतात, अंतराळवीरांची होतात तशी. म्हणून भार हळूहळू, मोजून मापून वाढवावा लागतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये करोनामुळे लीग थांबली. ऑक्टोबरमध्ये क्लार्क इथे सगळ्यांना एका जागी बंदिस्त ठेवून ती पुन्हा सुरू झाली. सॅन मिगेल गतविजेते होते, लीगची फिलिपिन्स कप ही स्पर्धा ओळीने पाच वेळा जिंकलेले. फहार्दो नसताना ते उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडले. २०१६ मध्ये याच माणसाने गुडघा दुखावल्यावर अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात परत येऊन ३-० ने मागे पडलेल्या संघाला ४-३ असं जिंकवलं होतं. तसंच काहीतरी पुन्हा घडावं असं चाहत्यांना वाटलं असेल तर नवल नाही. पण हाडाचं वेळापत्रक वेगळं असतं. माझ्या मते, त्या मोसमात त्याला मैदानाबाहेर ठेवणं ही त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ठरली. तो परतला २०२१ च्या मोसमात, दीड वर्षाच्या आसपास थांबून.

२०२२ मध्ये फिलिपिन्स कप पुन्हा सॅन मिगेलकडे आला आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू फहार्दो ठरला. त्यानंतर वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सातवा आणि आठवा किताबही त्याने मिळवला, तिशी उलटल्यावर, मोडून जुळलेल्या पायावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सने अंतिम सामन्यात जॉर्डनला ७०-६० असं हरवलं. १९६२ नंतरचं ते पहिलं सुवर्ण, आणि त्या संघात तो होता. जुळलेल्या हाडाला पुन्हा मूळ आकार यायला कित्येक वर्षं जातात. गळ्यात पदक घालून तो उभा होता तेव्हाही त्याच्या उजव्या नडगीत जुनं पोखरून नवं भरण्याचं काम चालूच होतं.