हडसनकाठची गावं, कोरली मात्र लंडनमध्ये

जुन्या वस्तूंच्या लिलावात 'हडसन नदी, १८३८, स्टील एनग्रेव्हिंग' (म्हणजे पोलादी पत्र्यावर कोरून छापलेलं) असं लिहिलेलं छोटंसं रंगीत चित्र दिसतं ना, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं आल्बनी नाहीतर ट्रॉय गाव, समोर नदी, दोन-चार शिडाच्या होड्या? ते मुळात भिंतीसाठी नव्हतंच, पुस्तकाचं पान होतं ते. रंगही बहुतेक वेळा नंतर कोणीतरी हाताने भरलेला असतो, छापलं तेव्हा सगळं काळं-पांढरं.

गोष्ट सुरू होते नोटांपासून. आधी कोरायचे ते तांब्याच्या पत्र्यावर, पण तो मऊ, काही शे प्रती काढल्या की रेघा झिजायच्या. मॅसॅच्युसेट्सच्या जेकब पर्किन्सने नकली नोटांना आळा बसावा म्हणून पोलादी पत्र्यावर कोरायचं तंत्र बसवलं आणि १८१९ला ते घेऊन लंडन गाठलं. बँक ऑफ इंग्लंडने काही त्याला नोटांचं काम दिलं नाही, पण पुस्तकवाल्यांनी पोलाद उचललं, कारण एका पत्र्यातून हजारो प्रती निघायला लागल्या.

तोवर इकडे हडसनवर १८०७ला रॉबर्ट फुल्टन या अमेरिकन संशोधकाची आगबोट धावलेली, १८२५ला हडसनला मोठ्या सरोवरांशी जोडणारा ईरी कालवा उघडल्यावर काठच्या गावांत पैसा आलेला, टुरिस्टही यायला लागलेले. १८३६-३७ मध्ये विल्यम हेन्री बार्टलेट हा इंग्रज चित्रकार तिथे फिरला, चित्रं काढून लंडनला आणली आणि ती कोरली कोणी, तर ज्यांनी हडसन कधी पाहिलीच नव्हती अशा कारागिरांनी! डोंगर जरा जास्तच उंच वाटतात, पण त्याचं खापर त्यांच्यावर नको, उंची वाढवायची खोड खुद्द बार्टलेटची. लंडनचा प्रकाशक जॉर्ज व्हर्च्यूने ही चित्रं आधी हप्त्याहप्त्याने काढली, मग १८४०ला 'अमेरिकन सीनरी' म्हणून पुस्तक, मजकूर अमेरिकन लेखक एन. पी. विलिसचा. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी तर हीच दृश्यं जेवणाच्या प्लेटांवर छापली.

ओहायो-मिसिसिपीकडची गावं घरोघरी पोचली ती जास्त करून लाकडी ठशांमुळे. १८५१ला बोस्टनमध्ये ग्लीसनचं सचित्र साप्ताहिक निघालं, १८५७ला 'हार्पर्स वीकली', मग १८७२-७४ मध्ये ॲपलटन प्रकाशनाचं 'पिक्चरस्क अमेरिका' हे पुस्तक, त्यात नऊशेच्या वर लाकडी ठसे. हे ठसे बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाचे, त्या झाडाचं खोडच बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी छोटे तुकडे बोल्टने जोडायचे, आणि घाई असली की तुकडे वेगळे करून एकेक कारागिराला वाटून द्यायचे, शेवटी पुन्हा जोडायचे.

पुढे विक्रेत्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या पुस्तकापेक्षा सुटी पानं जास्त कमावून देतात, मग शिवण उसवली, रंग भरले, फ्रेमा लागल्या. अशी फ्रेम समोर आली तर भिंग घेऊन खालचे कोपरे बघा, सहसा डावीकडे चित्रकाराचं बारीक नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचं. पोलादी चित्रात आकाशाच्या रेघा मशीनने आखलेल्या, एकदम सरळ. आणि साप्ताहिकातलं मिसिसिपीकाठच्या सेंट लुईस वगैरे शहराचं मोठं चित्र असेल तर धक्क्यावरच्या आगबोटींवरून, धुरातून, आकाशातून एक पांढरी केसभर रेघ उभी गेलेली सापडते कधीकधी, दोन ठोकळ्यांमधली फट ती.