‘बॅटरी तर बारा व्होल्टचीच, झटका कसला बसतोय?’

गाडीच्या हेडलाइटचा बल्ब बदलताना गॅरेजच्या कट्ट्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. साध्या हॅलोजन बल्बपुरतं ते खरंही आहे. झेनॉन, म्हणजे एचआयडी दिव्याला मात्र ते लागू नाही.

या बल्बमध्ये तार नसतेच. झेनॉन वायूतून ठिणगी पेटवून प्रकाश मिळवायचा, आणि ती पेटवायला बॅलास्ट आणि इग्नायटर (व्होल्टेज वाढवून ठिणगी पेटवणारी दिव्याची उपकरणं) मिळून बॅटरीच्या 12 व्होल्टचे क्षणभर 20 हजारांहून अधिक व्होल्ट करतात. पेटल्यावरही डी2एस प्रकारच्या झेनॉन बल्बवर साधारण 85 व्होल्ट राहतात. थोडक्यात, बॅटरीवरचा आकडा बघून दिव्यात हात घालू नये.

म्हणून बल्ब बदलायचा तर आधी दिव्याचं बटण बंद, मग इग्निशन बंद, किल्ली बाहेर. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. नंतर दहा-पंधरा मिनिटं चहा घ्या. बल्ब निवायलाही तेवढा वेळ लागतोच. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा, कारण आतला वायू दाबाखाली असतो. काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा. नवा बल्ब नीट बसून प्लग लॉक झाल्याशिवाय दिवा लावून बघायचा नाही. ही घाई सगळ्यात महागात पडते.

आणि डी2एसच्या जागी डी4एस हा दुसऱ्या प्रकारचा बल्ब ‘जुळवून’ बसवणाऱ्याला सरळ नाही म्हणा. दोघांचे व्होल्टेज वेगळे. जुना डी1 किंवा डी2 बल्ब कचऱ्यात टाकू नका, त्यात पारा असतो. तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.