सोनं पाठवून पत सुधारत नाही

जळगाव-भुसावळकडे ‘मिडीव्हल २: टोटल वॉर’ हा मध्ययुगीन राज्य चालवण्याचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या पोरांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: शेजारच्या राजांना सोनं पाठवत राहा, मग बाकी काहीही करा, नाव चांगलंच राहतं. हे खरं नाही.

२००६ च्या या गेममध्ये दोन वेगळे हिशेब चालतात. एक, एकेका राज्याशी असलेले संबंध. भेट म्हणून पाठवलेल्या सोन्याचा उपयोग इथेच, तोही ज्याला दिलं त्याच्यापुरता. दुसरा, सगळ्या जगातली तुमची पत. ती वागणुकीवर ठरते. लढाईनंतर कैदी सोडले तर वाढते, मारून टाकले तर घसरते. जिंकलेल्या शहरात कत्तल केली किंवा मित्रावर उलटलात, तरी घसरतेच. मग खजिना कितीही भरलेला असो, तुमच्या तहावर कोणी सहज विश्वास ठेवत नाही. कॅथलिक राज्य घेतलं असेल तर पोपलाही सांभाळावं लागतं.

सोडलेले सैनिक पुन्हा शत्रूकडेच जातात, हे नुकसान खरं आहे. तरीही कैदी सोडणं हे या गेममधलं सर्वांत दुर्लक्षित राजकारण आहे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या खानदेशचे फारुकी सुलतानसुद्धा गुजरात, माळवा आणि बहमनींच्या मधोमध टिकले, त्यात गुजरातशी केलेल्या सोयरिकींचा मोठा वाटा होता. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा ते राज्य संपलं.

पत बिघडली असेल तर पुढच्या लढायांत खंडणी न घेता कैदी सोडा आणि शहरं कत्तल न करता ताब्यात घ्या.