कापड काही लहान होत नाही

बाहुलीला खणाच्या तुकड्याचा परकर शिवून पाहिलेल्या कुणालाही विचारा. माप बरोबर घेतलेलं असतं, शिलाई नेटकी असते, तरी परकर अंगालगत पडत नाही. खालून फाकतो आणि तसाच उभा राहतो. यात शिवणारीच्या हाताचा दोष नाही. बाहुली माणसाच्या एक षष्ठांश असते, पण कापड, दोरा आणि मशीनचा टाका माणसाच्याच मापाचे राहतात. अडीच मिलिमीटरचा साधा टाका बाहुलीच्या हिशेबाने दीड सेंटिमीटरचा होतो. एवढा मोठा टाका आपण फार तर कच्च्या शिलाईत घालू.

१९५९ साली बाजारात आलेली बार्बी साडेअकरा इंच उंच आहे. सहाने गुणलं की पाच फूट नऊ इंचांची बाई होते. तिची कंबर मात्र सहाने गुणूनही जेमतेम १८ इंच भरते. ‘अशी बाई असते का?’ या प्रश्नाला बार्बी बनवणाऱ्यांच्या बाजूने एक उत्तर वर्षानुवर्षं दिलं जातं: कंबर बारीक ठेवली नाही, तर कपडे घातल्यावर बाहुली जाड दिसेल. हे उत्तर सारवासारवीचं वाटतं खरं, पण ते गणितात तपासून पाहता येतं.

समजा, २८ इंच कमरेच्या बाईची १:६ मापाची बाहुली केली. तिची कंबर भरेल सुमारे १२ सेंटिमीटर. आता ब्लाउज आत खोचून वर स्कर्ट घातला. ब्लाउजचा एक थर, पट्टीचे दोन-तीन, वर शिवणीत दुमडलेलं कापड. पातळ सुती कापड पाव मिलिमीटर जाड धरलं, तरी सगळे थर मिळून दीड मिलिमीटर होतात. चुण्या असतील तर तीनसुद्धा. त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या २π पट परीघ वाढतो. म्हणजे दीड मिलिमीटरला घेर साधारण साडेनऊ मिलिमीटर वाढणार. गंमत अशी की मुळात कंबर केवढी होती याच्याशी या वाढीचा संबंधच नाही. बाईच्या कमरेवरही तेवढीच वाढ, बाहुलीच्या कमरेवरही तेवढीच. बाईवर एक सेंटिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाही. बाहुलीवरचा तोच सेंटिमीटर आपले डोळे सहापट करून वाचतात. दीड मिलिमीटरच्या थराला दोन इंचांहून थोडं जास्त, तीनच्या थराला जवळपास साडेचार इंच.

तेव्हा त्या उत्तरात तथ्य आहे, पण ते पुरं पडत नाही. कपड्यांत २८ दिसायला आतली कंबर साडेतेवीस ते सव्वीसच्या दरम्यान पुरली असती. १८ पर्यंत जायचं कारण नव्हतं.

आणि बार्बीचा जोडीदार बाहुला केन, त्याचं काय? शर्ट पॅन्टमध्ये खोचून वर पट्टा लावला, की त्याच्या कमरेवरही थरांची काही कमी नसते. कापडाचा नियम दोघांना सारखाच. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दोघांची मापं माणसाच्या आकाराला वाढवून खऱ्या लोकांच्या मापांशी ताडून पाहिली. केनसारखी अंगयष्टी साधारण पन्नासात एकाची सापडेल आणि बार्बीसारखी लाखात एकीचीही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. उरलेले इंच कापडाने मागितलेले नव्हते. ते आले बिल्ड लिली या जर्मन बाहुलीकडून. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातल्या फटाकड्या नायिकेवरून ती घडवली होती आणि तिचं गिऱ्हाईक मुख्यतः मोठी माणसं होती. बार्बीची कल्पना मांडणाऱ्या रूथ हँडलर यांच्यासमोर नमुना होता तो हाच.

आता पुन्हा त्या फाकलेल्या परकराकडे. कापडाची घडी कशी पडेल हे त्याचं वजन आणि त्याचा ताठपणा यांच्यातल्या ओढाताणीवर ठरतं. वजन खाली ओढतं, ताठपणा वाकू देत नाही. ही ओढाताण मोजायची पद्धत पिअर्स या शास्त्रज्ञाने १९३० साली मांडली. कापडाची पट्टी कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची आणि तिचं टोक ४१.५ अंशांच्या उतारापर्यंत झुकलं की बाहेर आलेली लांबी मोजायची. या लांबीचा निम्मा भाग म्हणजे त्या कापडाची ‘वाकण-लांबी’. टेबलाच्या कडेवर खण आणि शिफॉन शेजारी शेजारी सरकवून पाहिलं तरी फरक लगेच कळतो.

बाहुलीच्या परकराला खऱ्यासारख्या चुण्या हव्या असतील, तर ही लांबीही सहापट कमी व्हायला हवी. नुसतं सहापट पातळ कापड घेऊन भागत नाही. एकसंध पत्र्याचं गणित लावलं, तर जाडी निम्मी केल्यावर वजन निम्मं होतं आणि ताठपणा एक अष्टमांश, पण वाकण-लांबी मात्र निम्मीही होत नाही, साधारण ६३ टक्के उरते. ती सहापट घटवायला जाडी जवळजवळ १५ पट कमी करावी लागते. पाव मिलिमीटरचं कापड मग ०.०१७ मिलिमीटरचं हवं, म्हणजे कापसाच्या एका तंतूएवढं! सुदैवाने कापड म्हणजे पत्रा नव्हे. त्यातले धागे एकमेकांवर सरकतात, त्यामुळे प्रत्यक्षात ते पुष्कळ मऊ वागतं. बाहुल्यांचे कपडे शिवणारे त्यावरच भिस्त ठेवतात. बारीक तंतूंचं रेशीम किंवा नायलॉन घेतात, कापड तिरपं बेततात, झग्याच्या काठात बारीक तार घालून घडी हाताने वळवतात. साडीच्या निऱ्या तर सरळ कमी करतात. सात निऱ्यांचे चौदा थर बाहुलीच्या पोटावर कुणाला हवेत?

पावणेचार इंची ‘फिगर’मध्ये, म्हणजे सांधे हलणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या बाहुल्यांत, साधारण १:१८ मापात, हे सगळे उपाय संपतात. तिथे पाव मिलिमीटरचं कापड साडेचार मिलिमीटरचं वाटतं, अंगावर गोधडी पांघरल्यासारखं. म्हणून तिथे कपडे शिवत नाहीत, अंगाबरोबर प्लास्टिकमध्येच घडवतात. १९७८ मधल्या ‘स्टार वॉर्स’च्या फिगरमध्ये राजकन्या लेयाचा पायघोळ झगा असाच अंगाचाच भाग आहे, वरचा अंगरखा तेवढा सुटा, व्हाइनिलचा. त्याच संचातल्या जावा नावाच्या पात्राचा व्हाइनिलचा अंगरखा फारच स्वस्तातला दिसतो म्हणून लवकरच कापडी केला गेला. बुटक्या, झोळीसारखे कपडे घालणाऱ्या जावाला ते खपून गेलं.

स्त्री-फिगरची खरी अडचण स्कर्टची. टणक प्लास्टिकचा स्कर्ट मांडीचा सांधा हलू देत नाही, म्हणून मऊ प्लास्टिक वापरतात, नाहीतर बाजूला चीर देतात. कित्येक कारखाने तिला सरळ अंगाबरोबर बसणारा घट्ट पोशाख देऊन मोकळे होतात. स्त्री-फिगर इतक्या तंग कपड्यांत का दिसतात, याचं एक कारण साच्यातही आहे. एकच कारण म्हणत नाही. पुरुष-फिगरला सैल पॅन्ट देताना हाच साचा आड येत नाही.

२०१६ साली बार्बी मूळ अंगयष्टीबरोबरच उंच, ठेंगणी आणि भरलेल्या बांध्याची अशी तीन नव्या अंगांत आली. एकीचे बेताचे कपडे दुसरीला बसेनात आणि घरात साठलेल्या जुन्या बार्बीच्या कपड्यांतले बरेचसे भरलेल्या बांध्याच्या बार्बीच्या अंगात शिरेनात.