चालती गाडी बंद पडली आणि आता लागेना
(जुन्या पेट्रोल गाड्या वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

फोन बहुतेक वेळा असा येतो: "गाडी बंद पडलीये, आणि सेल्फ मारून मारून बॅटरीपण उतरलीये." यातलं दुसरं दुखणं टाळता येतं. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. तीन-चार वेळा करूनही लागली नाही तर चावी काढा.

आणि आठवा, कशी बंद पडली. हे आम्ही खोदून खोदून विचारतो, कारण गाडी टो होऊन गॅरेजला येईपर्यंत इंजिन थंड होतं आणि पुष्कळदा पहिल्याच सेल्फला लागतं. चालू गाडीत बिघाड शोधायचा कुठे? तुम्ही जे पाहिलं-ऐकलं तेवढाच धागा हाती उरतो.

दिव्याचं बटण बंद करावं तशी एकदम गेली असेल, तर आमचा पहिला संशय करंटवर, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागांवर: कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट-कंडेन्सर, एखादी सैल वायर. आचके देत, पिकअप सोडत गेली असेल, तर पेट्रोल पोचत नाही असं धरून चालतो. नेहमीच असं असतं असं नाही, पण सुरुवात इथून केली की उगाच पार्ट बदलावे लागत नाहीत. तापल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने आपोआप लागणारी गाडी मात्र वेगळी केस. तापलं की आतून तुटणारी कॉइल किंवा, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) गाडी असेल तर, इंजिनाचं फिरणं ओळखणारा क्रँक सेन्सर असा वागतो. थंड असताना मीटरवर दोन्ही ठीक दिसतात.

सेल्फ फिरतच नसेल, हेडलाइटही मंद झाले असतील, तर बंद पडण्याआधी बॅटरीचा लाल दिवा लागला होता का ते सांगा. लागला असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नव्हता. नवी बॅटरी टाकूनही गाडी थोडं अंतर जाऊन परत थांबेल. याउलट सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर, काही भारच नसल्यासारखा फिरत असेल, तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो आणि काही इंजिनांत आणखी फिरवलं की व्हॉल्व्ह वाकतात. अशा वेळी धक्काही मारू नका.

एमपीएफआय गाडीत चावी ऑन करून कान द्या. मागच्या सीटखालून, टाकीकडून, दोनेक सेकंद घूंऽ असा आवाज यायला हवा. तो पेट्रोल पंप. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहायचा, पंपाचा खर्च नंतर.

कार्बोरेटरच्या गाडीचा एक किस्सा सांगतो. एका ग्राहकाची गाडी घाटात हमखास बंद पडायची, तीही टाकी फुल केली की लवकर. त्यांनी पेट्रोल भरायचे पंप बदलून पाहिले, मग प्लग, कॉइल, फिल्टर. आमच्याकडे तासभर उभ्याने चालवली, काही नाही. चक्कर मारायला नेली तेव्हा थांबली. टाकीचं झाकण उघडलं तर हवा सुस्कारा टाकत आत गेली आणि गाडी लागली! पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी बाजारातून कुलूपवालं नवं झाकण घेतलं होतं. त्याला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल संपेल तशी आत हवा जायला हवी, नाहीतर पंपाला ते ओढवत नाही. फुल टाकीत रिकामी जागा कमी, म्हणून ओढ लवकर बसायची. दुरुस्तीचा खर्च एका झाकणाचा. तुमची गाडी थांबली तर झाकण उघडून पाहायला काहीच पैसे पडत नाहीत.

प्रीमियर पद्मिनी ही जुनी गाडी चालवलेल्यांना इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकण्याची युक्ती ठाऊक असेलच. उन्हात पाइपमध्येच पेट्रोलची वाफ झाली असेल तर ती आजही चालते. पण पाणी थेट ओतू नका, आणि डिस्ट्रिब्युटरवर तर थेंबही नको. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर आधी बॉनेट उघडून लांबून गळती पाहा. गळती दिसली तर सेल्फ अजिबात मारू नका. गळती नसेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल साचलंय: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि एकदाच पाच-सात सेकंद सेल्फ मारा.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचे पडदे त्यासाठी बनलेले नाहीत, म्हणून सर्व्हिसिंगला आम्ही ते बोटांनी दाबून पाहतो. मऊ पडलेले किंवा चिरलेले बदलायचे की नाही ते तुम्हाला दाखवूनच ठरवतो.

फोन करताना एवढं सांगा: मॉडेल आणि साल, किती वेळ चालून बंद पडली, एकदम की आचके देत, सेल्फ फिरतो का, टाकीत पेट्रोल किती. काटा अडकलेला असू शकतो, तेव्हा शेवटचं कधी भरलं तेही. मागच्या गॅरेजची बिलं असतील तर गाडीतच ठेवा. आणि आम्ही बदललेला जुना पार्ट मागून घ्या, तो तुमचाच आहे.